ढोल वाजलेली अकरा दारं

ढोल मी फोनवर ऐकला.

मस्कतला तेव्हा सकाळचे साडेनऊ वाजले होते. ज्या घरात कामाला होते तिथल्या म्हातारीला मी लापशी भरवत होते. तिच्या गळ्याशी रुमाल, माझ्या हातात चमचा. आईचा फोन आला म्हणून स्पीकरवर टाकला. आई बोलेचना. नुसता ढोल. मला वाटलं गल्लीत कोणाचं लग्न आहे. मी हसून विचारलंसुद्धा, "कोणाची वरात गं?"

मग एका माणसाचा आवाज आला. हातात माइक असणार. त्याने माझं नाव घेतलं. पूर्ण नाव, बापाच्या नावासकट. "यांनी संस्थेचे कर्ज घेऊन परदेशी पलायन केले आहे. दोन लाख अधिक व्याज. कर्ज त्वरित भरावे ही नम्र विनंती." आणि परत ढोल.

नम्र विनंती! ढोल बडवून नम्र विनंती.

मी "आई, आई" करत राहिले. पलीकडून दार लावल्याचा आवाज आला आणि फोन बंद झाला. म्हातारी तोंड उघडून बसली होती, लापशीची वाट बघत. मी चमचा तिच्या तोंडात घातला. दुसरं काय करणार? तिला भरवायचेच तर पैसे मिळत होते मला.

आमचं घर नाशिक रोडला, सिन्नर फाट्याच्या बाजूच्या वस्तीत. पुढचं दार गल्लीत उघडतं, मागचं गटाराच्या बोळात. वडील मी नववीत असताना गेले. आईची स्टेशनबाहेर केळीची गाडी. मोठा भाऊ सिन्नरच्या एमआयडीसीत कॉन्ट्रॅक्टवर. मी नर्सिंगचा लहान कोर्स केला, चार वर्षं एका खाजगी दवाखान्यात रात्रपाळ्या केल्या आणि मग मस्कतची नोकरी मिळाली. नोकरी म्हणजे एका आजारी म्हातारीची देखभाल. एजंटला दोन लाख द्यायचे होते. बँकेने दारात उभं केलं नाही. आमच्या भागातल्या पतसंस्थेने दिले. त्यासाठी आधी सभासद व्हावं लागलं, शेअर घ्यावे लागले. मी आणि आई, दोघींनी सह्या केल्या. किती कागदांवर केल्या ते मोजलंही नाही. तेव्हा मी मोजत नसे.

मस्कतला गेल्यावर दुसऱ्या महिन्यापासून मी सहा हजार पाठवायला लागले. दर महिन्याला, न चुकता. आईला एटीएम जमत नाही, म्हणून दादाच्या खात्यावर. दादा काढायचा, आईच्या हातात द्यायचा, आई हप्ता भरायची. अडीच वर्षं असं चाललं. मी म्हातारीचे लंगोट बदलत मनातल्या मनात हिशोब करायची, एवढं फिटलं, एवढं राहिलं.

आणि मग तो ढोल.

दादाला फोन केला. तो म्हणाला, "मी आईला दिलेत. प्रत्येक महिन्याला दिलेत. संस्था म्हणते एक रुपया आला नाही. आई म्हणते भरले. आता मी काय सांगू?" आईला विचारलं तर ती रडायलाच लागली. "तू ये. आल्यावर सांगते." बस, एवढंच. पुढे कधीही विचारलं तरी तेच.

मी पैसे पाठवणं बंद केलं. आणि संशय घ्यायला लागले.

एकदा संशय घ्यायला लागलं की माणूस किती खालच्या थराला जातो ते मी स्वतःवरून सांगते. व्हिडिओ कॉल केला की मी माणसांकडे बघायची नाही, त्यांच्या मागे बघायची. नवीन पंखा कधी आला? वहिनीच्या कानात काय आहे? दादाच्या मागे एक दिवस मोटरसायकलचं हॅंडल दिसलं. मी विचारलं, "कोणाची गाडी रे?" तो म्हणाला, "माझीच. जुनी घेतली. बारा हजारांना." मी म्हटलं, "छान." फोन ठेवला आणि वहीत लिहून ठेवलं. बारा हजार. सख्ख्या भावाच्या नावापुढे मी आकडे मांडत होते. अजून अडीच वर्षं मी तशी काढली. म्हातारीच्या घरची मालकीण सुट्टी देईना, पासपोर्ट तिच्याच कपाटात.

ढोलाचं एक वेगळंच दुखणं होतं आमच्या घरात. ते सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

माझे आजोबा घोटीकडच्या एका खेड्यातले. गावकीचं काम त्यांच्याकडे. सारा भरायची वेळ झाली की ज्यांचा भरायचा राहिलाय त्यांच्या दारात जाऊन हाळी द्यायची. "चावडीवर बोलावलंय हो!" अंगणात उभं राहायचं. आत जायचं नाही. ऊन असो, पाऊस असो, मालक बाहेर येईपर्यंत उभं. बदल्यात भाकरी, तीही वरून टाकलेली. धम्माची दीक्षा घेतली त्या वर्षी आजोबांनी ते काम सोडलं. पाटलाच्या समोर जाऊन सांगितलं, आजपासून मी कोणाच्या दारात जाणार नाही. गावाने दोन वर्षं त्यांना काम दिलं नाही. मग ते पायी नाशिक रोडला आले, हमाली केली, इथेच राहिले. आई सून म्हणून आली तेव्हा त्यांनी तिला पहिली गोष्ट ही सांगितली होती. वसुलीची हाळी आमच्या घराने कधीच सोडली.

आणि आता तीच हाळी आमच्याच दारात. पुढे ढोल, हातात माइक, आणि नाव आमचं.

पाच वर्षांनी मी घरी आले. स्टेशनवर दादा न्यायला आला होता, त्याच मोटरसायकलवर. मागे बसले. गाडी खरंच बारा हजारांचीच होती, चढावर धापा टाकत होती. तरी माझं मन म्हणत होतं, दाखवायला ही ठेवली असेल.

गल्लीत आल्यावर मी पुढच्या दाराकडे निघाले. दादा म्हणाला, "तिकडून नको. मागून ये. पुढचं बंदच असतं."

"का?"

"आई उघडत नाही. त्या दिवसापासून."

अडीच वर्षं माझी आई गटाराच्या बोळातून ये-जा करत होती. पहाटे केळी आणायला जायची ती बोळातून, आणि यायचीही बोळातूनच. गल्लीत पाय ठेवायचा नाही, विहारात जायचं नाही, हळदीला नाही, मयतीलाही नाही. पुढच्या दाराच्या कडीला गंज चढला होता. मी बोळातून घरात शिरले. आईने माझ्या तोंडावरून हात फिरवला. हात खरखरीत लागला. "वाळलीस गं," म्हणाली. पैशांचा विषय नाही. मीही काढला नाही. पण झोपताना माझ्या पर्सची चेन मी उशाकडे केली. स्वतःच्या आईच्या घरात. लाज वाटते लिहायला, पण केलं ते केलं.

दुसऱ्या दिवशी आई गाडीवर गेली, दादा कामावर, वहिनी दळणाला. मी घर उपसलं. हो, चोरासारखं. डबे उघडले, गाद्या उलट्या केल्या, वहिनीची ट्रंकसुद्धा सोडली नाही. आईच्या पेटीच्या तळाला माझ्या शाळेच्या सर्टिफिकिटांची पिशवी होती. पहिलीपासूनची प्रगतिपुस्तकं आईने जपून ठेवलेली. त्या पिशवीत, दहावीच्या मार्कशीटच्या खाली, रबर लावलेली कार्डं होती. तीस. पतसंस्थेचं नाव छापलेलं. प्रत्येक कार्डावर तारखा आणि समोर आकडा. दोनशे. दोनशे. दोनशे. खाली सही, रोज एकाच माणसाची.

वर लिहिलं होतं, दैनिक ठेव.

ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगते. पतसंस्थेची माणसं गाडीवाल्यांकडे, टपरीवाल्यांकडे रोज फिरतात. पन्नास, शंभर, जमेल तेवढे घेतात आणि तुमच्या नावावर साठवतात. त्याला आमच्याकडे पिग्मी म्हणतात. ती बचत असते. कर्जाशी तिचा काही संबंध नसतो.

मी कार्डं घेऊन तशीच स्टेशनवर गेले. आई एका गिऱ्हाइकाला डझन मोजून देत होती. माझ्या हातात कार्डं दिसली आणि तिच्या हातातला घड खाली ठेवला गेला.

"हप्त्याचे म्हणून दिले गं मी," ती म्हणाली. "संजूभाऊ म्हणला, मावशी, ऑफिसात लाईन लागते, तुमची गाडी बुडती, रोज माझ्याकडं द्या. सहा हजाराचे रोज दोनशे. एक दिवस नाय चुकवला. मला ताप होता तवाबी दिले. कार्डावरचा आकडा वाढायचा, मला वाटायचं फिटतंय."

"मग ढोल वाजला तेव्हा सांगायचं ना त्यांना!"

"सांगितलं की. तो माइकवाला म्हणला, ते बचतीचं हाय, कर्जाचं नाय, मावशी, तुम्हाला एवढंबी कळत नाय का. सगळ्या गल्लीसमोर म्हणला." आईने पदर तोंडाला लावला. "तुझ्या दादालाबी नाय बोलले. तुला कसं सांगू? तू तिथं कोणाची घाण काढून पैसे पाठवतेस आन् मी अडाणी ते भलत्याच जागी भरून बसले."

मी रडले. भर रस्त्यात, रिक्षावाल्यांच्या समोर. आईसाठी रडले आणि माझ्या त्या वहीसाठीही रडले. भावाच्या नावापुढे आकडे मांडणारी ती वही. संध्याकाळी दादाला ती दाखवली आणि त्याच्यासमोर फाडली. तो म्हणाला, "गाडी साडेअकराला घेतली होती. पाचशे तू जास्तीचे लिहिलेस."

संजू मला चहाच्या टपरीवर सापडला. खांद्याला तीच पिशवी, हातात तीच कार्डं. मी विचारलं, "आईने हप्त्याचे पैसे दिले, तू पिग्मीत का टाकले?" आधी तो विसरल्यासारखं करत होता. मी कार्डं पुढे धरली. मग खाली बघून म्हणाला, "ताई, पिग्मीवर मला कमिशन मिळतं. हप्त्यावर काही मिळत नाही." एवढं सरळ. माझ्या आईचा गळा कापला त्यात त्याचा वाटा शेकड्याला तीन रुपये. मी त्याला शिव्या दिल्या, ज्या मला येत होत्या त्या सगळ्या. पण तो परत परत म्हणत होता, "ऑफिसला ठाऊक होतं ताई. मी एकटा नाही. पैसे ऑफिसातच आहेत."

मी तिथेच थांबले. खरंच की. पैसे ऑफिसातच होते. ज्या दिवशी आमच्या दारात ढोल वाजला त्या दिवशी माझ्या आईचे एक लाख ऐंशी हजार त्यांच्याच तिजोरीत पडले होते. आणि आई ते काढूही शकत नव्हती, कारण कर्जावर तिची सही होती म्हणून त्यांनी ते अडकवून ठेवले होते. एका हाताने तिचे पैसे दाबून दुसऱ्या हाताने ढोल बडवला. ही चूक नव्हती, कोणी कितीही सांगितलं तरी नव्हती. ही पद्धत होती.

चेअरमनने मला स्वतःहून बोलावलं. संजूने तोंड उघडलं असणार. केबिनमध्ये एसी, भिंतीवर संस्थेला मिळालेल्या ढाली. मला खुर्ची दिली. चहा आला, तोही कपबशीत. मी चहाकडे बघत होते आणि विचार करत होते, हा कशाचा चहा आहे? संस्थेच्या चहाची चव मी ओळखत नव्हते, पण एवढं गोड बोलणं ओळखत होते. टेबलावर एक शाल घडी करून ठेवलेली आणि त्यावर नारळ.

"बेटा, झालं ते झालं," चेअरमन म्हणाले. पांढरे कपडे, पांढरे केस, आवाज मऊ. "आज तीन लाख बासष्ट हजार येणं आहे. मी दंडव्याज सोडतो. तू तीन लाख दहा भर, आईची पिग्मी लगेच मोकळी करतो. रविवारी आपली वार्षिक सभा आहे. स्टेजवर तुझा सत्कार करू. परदेशातून येऊन कर्ज फेडणारी आपली लेक. पेपरात फोटो देऊ. तुमच्या लोकांपुढे पण एक आदर्श राहील."

तुमच्या लोकांपुढे. बरं.

मी आदल्या दिवशी नाशिक रोडला एका सीएच्या ऑफिसात बसून हिशोब करून आणला होता. आईने दिलेले पैसे ज्या त्या महिन्याला कर्जात धरले तर बाकी राहते अठ्ठ्याण्णव हजार. मी पाठवायचे थांबवले त्या अडीच वर्षांचं व्याजही मीच त्यात धरायला लावलं होतं. माझी चूक ती माझी. चेअरमनच्या हिशोबाने पिग्मी वजा जाता मला द्यावे लागणार होते एक लाख तीस. त्यांनी माझा कागद वाचला आणि हसले. "बत्तीस हजारांचा तर फरक आहे. तुझा महिन्याचा पगार असेल तिकडचा."

होताही. तेवढाच होता. आणि खरं सांगते, माझं मन डगमगलं. टाकावेत बत्तीस हजार त्यांच्या तोंडावर आणि सुटावं. अकरा दिवसांनी माझं परतीचं विमान होतं. शालीचा रंगही चांगला होता, मोरपंखी. आईला शोभली असती.

त्यांनी कागद पुढे सरकवला. "इथे सही कर. इथे आईचा अंगठा."

"आई सही करते."

"बरं, सही."

मी कागद वाचायला घेतला. "नेहमीचाच मजकूर आहे," ते म्हणाले. मी म्हटलं, "वाचते." चौथ्या ओळीत होतं, कर्जदार व सहकर्जदार यांनी आजतागायत कर्जाचा एकही हप्ता भरलेला नाही हे त्यांना मान्य आहे.

म्हणजे हे हवं होतं त्यांना. पैसे नव्हे. माझ्या आईने तापात उठून दिलेल्या दोनशे-दोनशेवर तिच्याच हाताने काट मारून हवी होती. नाहीतर पिग्मीचं प्रकरण कोणी विचारलं असतं, ढोलाचं विचारलं असतं. शाल त्यासाठी होती.

"ही ओळ काढा," मी म्हटलं.

चेअरमन खुर्चीत मागे रेलले. रागावले नाहीत. त्यांनी आणखी वाईट केलं, ते प्रेमाने बोलले. "अगं, मी तुमच्या घराला कधीपासून ओळखतो. घोटीकडचे तुम्ही. तुझा आजा आमच्या दारात यायचा. साऱ्याची हाळी द्यायला. वडील सांगायचे आमचे. अंगणात उभा राहायचा, तास झाला तरी उभा. ओट्याला कधी पाय लावला नाही त्याने. तशी समजूतदार माणसं आता राहिली नाहीत."

केबिनमध्ये एसीचा आवाज येत होता. माझे कान तापले. पाच वर्षं मी परक्या घरात मान खाली घालून राहिले होते. 'यस मॅडम, सॉरी मॅडम' करत होते. त्या सवयीने मान आताही खाली जायला निघाली होती. मला ती जाताना कळली. आणि मी ती जाऊ दिली नाही.

मी म्हटलं, "माझ्या आजोबांनी ते काम सोडलं होतं, साहेब. गावच्या पाटलासमोर उभं राहून सांगून सोडलं होतं. तेवढं तुमच्या वडिलांनी सांगितलं नाही वाटतं."

पहिल्यांदा त्यांचा चेहरा उतरला. मी कागदाचा मोबाईलवर फोटो काढला. ते म्हणाले, "फोटो कशाला?" मी म्हटलं, "नेहमीचाच मजकूर आहे ना." चहा तसाच ठेवून बाहेर आले. बाहेर नोटीस बोर्डावर थकबाकीदारांची यादी लावलेली होती. माझं नाव चौदावं. पहिली सहा नावं वीस-वीस लाखांच्या वरची, आणि त्यातल्या चौघांचं आडनाव चेअरमनचंच. त्याचाही फोटो काढला.

त्याच दिवशी दुपारी किसनमामा आले. मामा म्हणजे नात्याचे नव्हेत, वस्तीतले. जयंतीच्या मिरवणुकीत ढोल वाजवतात, दादाच्या लग्नात त्यांनीच वाजवला होता. पुढच्या दारात गल्लीत उभे राहिले आणि हाक मारली. दार बंद, मी खिडकीतून बघितलं. आत या म्हटलं तर येईनात.

"माझ्या हातानं वाजला पोरी तो," ते म्हणाले. "संस्थेवाले दाराला तीनशे देत होते. कोणाचं दार ते आधी सांगायचे नाय. तुमच्या दारात आणून उभं केलं तवा कळलं. मागं फिरायला पायजे होतं. नाय फिरलो. घरात पीठ नव्हतं, पण ते काय कारण झालं?"

मला त्यांचा राग यायला हवा होता. आला नाही. मी विचारलं, "मामा, अशी किती दारं केलीत?"

"अकरा. त्या मार्चमध्ये अकरा."

"चेअरमनच्या कॉलनीत किती?"

मामा हसले. "तिकडं कोण नेतंय?"

मी चप्पल घातली आणि त्यांना म्हटलं, दाखवा. आम्ही दोघं संध्याकाळपर्यंत चाललो. मामांना एकेक दार पाठ होतं. आमच्या वस्तीतली पाच, झोपडपट्टीतली चार, एक शिलाईकाम करणाऱ्या मुसलमान बाईचं, एक धुणीभांडी करणाऱ्या विधवेचं. सगळीकडे सकाळी अकराला वाजला होता. त्या वेळी पुरुष कामावर असतात, दार बाई उघडते. हेही ठरवूनच. एका बाईच्या पोरीची सोयरीक मोडली होती. एकीने घर बदललं होतं, दोन गल्ल्या पलीकडे गेली होती, मामांनी तिथेही नेलं. शिलाईवालीने मला तिची कार्डं दाखवली. पिग्मीची. सही तीच, संजूची.

मी तिथे ओट्यावर बसले. अडीच वर्षं मला वाटत होतं की माझी आई अडाणी, माझा भाऊ चोर, माझं नशीब फुटकं. आमच्या घरातच काहीतरी खोट आहे असं वाटत होतं. खोट अकरा घरांत होती आणि ती एकाच हाताने पेरलेली होती.

परत येताना मामा म्हणाले, "तू सांग फक्त. त्या चेअरमनच्या दारात मी फुकट वाजवतो. सगळं पथक आणतो."

काय सांगू, मला केवढा आनंद झाला! डोळ्यांसमोर चित्रच उभं राहिलं. त्याची ती कॉलनी, ते गेट, खिडक्यांतून डोकावणारे शेजारी, आणि माइकवर त्याचं पूर्ण नाव, बापाच्या नावासकट. घरी येऊन आईला सांगितलं. मला वाटलं ती हसेल.

आईने हातातली भाजी खाली ठेवली. "तुझ्या आज्यानं कोणाच्या दारात हाळी द्यायची सोडली," ती म्हणाली, "ती तू परत सुरू करावी म्हणून सोडली का गं? मला ढोलानं बोळात घातलं. त्याच्या घरीबी बाई असंल. दार तीच उघडंल. मला कोणाच्याच दारात वाजायला नको. मला त्या कागदावर लिहून पायजे. मी पैसे दिले, एवढं लिहून पायजे."

मी अर्धी शिकलेली, विमानात बसलेली. आणि शहाणपण तिच्याकडे होतं.

काल मी संस्थेत गेले. अठ्ठ्याण्णव हजारांचा चेक, सोबत पत्र, तीस कार्डांच्या झेरॉक्स. प्रत्येक पानावर माझी सही, आईची सही. क्लार्क म्हणाला, "साहेबांना विचारावं लागेल. आणि नो ड्यूजचा दाखला मिळणार नाही याच्यावर."

"मागितलंय का? पोच द्या."

"सत्काराचं मग? नाव छापून आलंय."

"खोडा."

शिक्का मारून घेतला. शिक्क्यावरची तारीख बघितली, बरोबर आहे का. त्याची सही बघितली, त्याच्याच नावाची आहे का. आता मी सगळंच बघते. हसून दिलेला कागद दोनदा बघते. दुसरी प्रत सहकार खात्याच्या ऑफिसात दिली, तिथलीही पोच घेतली. चेअरमनचा निरोप आला की एवढा राग आहे तर सभासदत्व रद्द करा, शेअरचे पैसे परत घेऊन जा. निरोप आणणाऱ्याला म्हटलं, सांग त्यांना, शेअर काढणार नाही. शेअर आहे म्हणून तर सभेत उभं राहता येतं.

विमानाचं तिकीट रद्द केलं. मस्कतहून मॅडमचा मेसेज आला, दुसरी बाई बघू का? मी लिहिलं, बघा. लिहायला जड गेलं, खोटं का बोलू? पगार गेला. पण तिथे परत गेले असते तर उरलेलं आयुष्य फोनवर ढोल ऐकत काढलं असतं.

सभा रविवारी आहे. अकरा दारांच्या अकरा बाया येणार आहेत. शिलाईवाली येणार आहे, घर बदललेली येणार आहे. कार्डं घेऊन येणार आहेत. आई पहिल्या रांगेत बसणार आहे. शाल घ्यायला नाही. मी उभी राहणार आणि दोन गोष्टी मागणार. पहिली, आमच्या बायांनी पैसे भरले होते हे ठरावात लिहा, पिग्मी त्या त्या दिवसापासून कर्जात धरा. दुसरी, चेअरमनने स्वतः अकराही दारांवर यायचं. सकाळी अकराला, गल्ली जागी असताना. हातात माइक घ्यायचा. बाईचं पूर्ण नाव घ्यायचं, बापाच्या नावासकट, आणि म्हणायचं की आम्ही खोटं बोललो. अंगणात उभं राहून म्हणायचं. ओट्याला पाय लावायचा नाही.

ढोल आणायचा नाही.

रविवारी नाही ऐकलं तर पुढच्या सभेला मी आहे. त्याच्या पुढच्याही. तोवर स्टेशनबाहेर केळीच्या गाडीवर आईच्या शेजारी उभी राहीन, मला लाज नाही. आई आजही पहाटे बोळातूनच गेली. पुढच्या दाराच्या कडीला मी तेल घालून ठेवलं आहे. ते दार ती स्वतःच्या हाताने उघडत नाही तोवर मी इथून हलणार नाही.